नाका नसलेली वाट

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



व्यासपीठावर यायच्या आधी मी खजिनदारांना एक आगाऊ प्रश्न विचारला. म्हटलं, या माइकचं भाडं कोण देतं? ते जरा चपापले. त्यांना वाटलं, मी आडवळणानं मानधनाची चौकशी करतोय. मग त्यांनी कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू दाखवली. सराफ, पिठाची गिरणी, दोन दवाखाने, खतांचं दुकान, मंडपवाला. मंडपवाल्यानं मंडपही दिला आणि जाहिरातही दिली, म्हणजे त्याच्याकडून आपण दोनदा वसूल केलं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून आपल्याकडे जाहीर बोलण्याचा खर्च बराचसा असाच निघत आला आहे. ऐकणारा फुकट ऐकतो आणि गावात ज्याचा गल्ला भरतो तो हात थोडा सैल सोडतो.

ज्यांच्या नावानं आपण दरवर्षी जमतो, त्या गुरुजींचा चावडीवरचा फळा पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. रोज सकाळी ते खडूनं लिहायचे. टाकीला आज पाणी नाही. रेशनला साखर आली आहे. सोसायटीची सभा पुढे गेली, कारण सचिव आजारी. यातला ‘आजारी’ हा शब्द एकदा त्यांनी अवतरणचिन्हांत लिहिला आणि गावात आठवडाभर रण पेटलं. भिंत ग्रामपंचायतीची, खडू शाळेचा, हात गुरुजींचा. पंचायतीला तो फळा मुळीच आवडायचा नाही, पण भिंत काढून घ्यायचं धाडस तिला कधी झालं नाही.

आज मी त्या भिंतीबद्दल बोलणार आहे. फक्त ती तुम्हाला अमेरिकेत नेऊन दाखवणार आहे. तिथं ती पडायला झाली आहे, आणि टेकू कुणी द्यायचा यावर विधिमंडळांत आणि न्यायालयांत भांडणं चालू आहेत.

माझी मुलगी मॅसॅच्युसेट्स राज्यात राहते, बोस्टनपासून तासाभराच्या अंतरावर. एका हिवाळ्यात मी तिच्याकडे दोन महिने होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, करायला काही नाही. टीव्हीची बटणं दाबता दाबता एका वाहिनीवर थबकलो. लांबट टेबलामागे पाच माणसं, बाजूला झेंडा. ती त्या गावाची कार्यकारी समिती होती. तिथं तिला सिलेक्ट बोर्ड म्हणतात. बर्फ उपसणाऱ्या गाड्यांचं कंत्राट वाढवायचं की नाही, यावर चर्चा चालली होती. मग एका आजीबाईंना बोलायला तीन मिनिटं दिली. गल्लीतल्या गटाराच्या झाकणावर त्या पाच मिनिटं बोलल्या. पार्श्वसंगीत नाही, किंचाळणारा निवेदक नाही, पडद्याखाली पळणारी लाल पट्टी नाही. मी ते पावणेदोन तास पाहिलं. जावयाला वाटलं, सासऱ्यांची तब्येत बिघडली.

पण गंमत अशी, की त्या कंटाळ्यातच त्या वाहिनीची किंमत होती. आपण बघितले जातोय हे त्या पाच माणसांना ठाऊक होतं, आणि आजीबाईंनाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी मला त्या केंद्रात घेऊन गेली. हायस्कूलच्या तळघरात दोन खोल्या. गावात राहणाऱ्या कुणालाही तिथं कॅमेरा चालवायला शिकवतात. शिकला की ग्रंथालयातून पुस्तक न्यावं तसा कॅमेरा घरी नेऊ देतात आणि तो जे करून आणेल ते दाखवतात. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, इथलं भाडं कोण देतं? ‘केबल कंपनी,’ तिथला माणूस म्हणाला, आणि एक आवंढा गिळून पुढे म्हणाला, ‘अजून तरी.’

हा ‘अजून तरी’ समजून घ्यायचा तर थोडं मागं जावं लागेल.

या कल्पनेचं एक मूळ अमेरिकेत नाही, कॅनडात आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचं बेट आहे. १९६७ साली तिथली मासेमारी बसली होती, आणि बेटावरच्या लोकांना उठवून दुसरीकडे वसवावं असं सरकारच्या मनात होतं. कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म मंडळाचे कॉलिन लो तिथं गेले. त्यांनी बेटावर एक भलामोठा माहितीपट काढला नाही. दोन डझनांहून जास्त छोट्या फिल्म काढल्या, एकेका माणसाच्या, एकेका प्रसंगाच्या. जे चित्रित केलं ते आधी त्या माणसालाच दाखवलं, आणि त्याला जे नको ते काढून टाकलं. मग वेगवेगळ्या वस्त्यांमधल्या लोकांनी एकमेकांच्या फिल्म पाहिल्या. पलीकडच्या खाडीतला माणूसही आपल्यासारखाच वैतागलाय, हे त्यांना पडद्यावर कळलं. पुढे त्या फिल्म राज्यकर्त्यांना दाखवल्या आणि मंत्र्यांचं उत्तर चित्रित करून बेटावर आणलं. लोकांनी मच्छीमारांची सहकारी संस्था उभी केली, बोटी बांधायला घेतल्या, आणि बेट उठलं नाही. हे सगळं फिल्ममुळे झालं असं मी म्हणणार नाही. संस्था माणसं काढतात, कॅमेरे काढत नाहीत. पण आपण बोललेलं वर पोचतं आणि वरून उत्तर येतं, हा अनुभव बेटाला त्या फिल्मनी दिला.

हे काम ज्या कार्यक्रमातून झालं त्याचं नाव ‘चॅलेंज फॉर चेंज’. काही काळ त्याची सूत्रं जॉर्ज स्टोनी या अमेरिकन माहितीपटकाराकडे होती. ते न्यूयॉर्कला परतले आणि १९७१ मध्ये त्यांनी रेड बर्न्स यांच्याबरोबर न्यूयॉर्क विद्यापीठात ‘अल्टरनेट मीडिया सेंटर’ सुरू केलं. त्याच वर्षी मॅनहॅटनच्या केबलवर लोकांसाठी दोन वाहिन्या राखल्या गेल्या. खांद्याला अडकवून नेता येईल असा सोनीचा व्हिडिओ कॅमेरा नुकताच बाजारात आला होता, हेही विसरायला नको. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं मोठ्या शहरांतल्या केबल कंपन्यांवर अशा वाहिन्यांची सक्ती केली. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं असं, की असा हुकूम काढण्याचा अधिकार संसदेनं आयोगाला दिलेलाच नाही. मग १९८४ साली संसदेनं केबल कायदा केला आणि सौदा लेखी झाला.

सौदा काय होता, ते आपल्या भाषेत सांगतो. केबल टाकायची तर गावाचे रस्ते उकरावे लागतात, खांबांवर तारा ओढाव्या लागतात. रस्ता गावाचा. तेव्हा गाव कंपनीला म्हणू शकतं, की बाई, तार टाक, पण त्या तारेवर काही वाहिन्या आमच्यासाठी ठेव. एक लोकांची, एक शाळांची, एक नगरपालिकेची. शिवाय आमच्या गावातून जे मिळवशील त्यातले ५ टक्क्यांपर्यंत आम्हाला दे. याला फ्रँचायझी फी म्हणतात. महिन्याला ८० डॉलरचं केबलचं बिल असेल, तर त्यातले ४ डॉलर गावात राहणार. हे काही कुणी मोठ्या मनानं दिलेलं नाही. भाडं घेता येईल, हे शहरांनी पदरात पाडून घेतलं. पाचाच्या वर जाता येणार नाही, हे कंपन्यांनी पदरात पाडून घेतलं. आणि हे पैसे कॅमेऱ्यावरच खर्च करा असं बंधन कायद्यानं नगरपालिकेवर घातलं नाही. ही भोकाची जागा लक्षात ठेवा, परतताना तिथूनच जायचं आहे.

या वाहिन्यांवर सोनंच पिकलं असं मात्र समजू नका. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहिनीवर रात्री उशिरा जे दिसायचं ते या व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही. मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत १९८८ साली कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या टोळीच्या लोकांनी आम्हालाही वेळ द्या म्हणून अर्ज केला. नियमाप्रमाणे नाही म्हणता येत नव्हतं. तेव्हा नगर परिषदेनं सार्वजनिक वाहिनीच बंद करून टाकली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि पुढच्या वर्षी वाहिनी परत सुरू करावी लागली. माझा एक मित्र म्हणतो, बघ, भिंत सगळ्यांना दिली की असं होतं. मी म्हणतो, भिंत दोघा-चौघांच्याच हातात दिली की काय होतं, ते आपण रोज रात्री नऊ वाजता बघतोच.

दुसरीकडे बोस्टनला लागून असलेल्या सॉमरव्हिलमध्ये जुन्या अग्निशमन केंद्रात असंच एक केंद्र वर्षानुवर्षं चाललं. बंब जिथं उभे राहायचे तिथं पोर्तुगीज आणि हैतीची क्रिओल बोलणारे लोक आपल्या भाषेत कार्यक्रम करायचे. मोठ्या वाहिन्यांना त्या भाषांत गिऱ्हाईक दिसत नव्हतं. गावाला मात्र शेजारी दिसत होते.

आता दुखण्याकडे येतो.

केबलच्या तारेतून आधी फक्त टीव्ही यायचा. मग त्याच तारेतून इंटरनेट यायला लागलं. २००२ मध्ये दूरसंचार आयोगानं ठरवलं, की केबलवरचं इंटरनेट ही ‘माहिती सेवा’ आहे, केबल सेवा नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे वर्गीकरण उचलून धरलं. वरवर हा शब्दांचा काथ्याकूट वाटतो. परिणाम बघा. रस्ता तोच, खड्डा तोच, तार तीच, कंपनीही तीच. तारेतून टीव्ही गेला तर गावाला ५ टक्के, इंटरनेट गेलं तर शून्य. त्या दिवसापासून भिंतीच्या पायात पाणी मुरायला लागलं, पण वरचा गिलावा शाबूत असल्यामुळे पंधरा वर्षं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

मग लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली. तोडली म्हणजे तार तोडली नाही. तारेतून टीव्ही घेणं बंद केलं आणि इंटरनेट चालू ठेवलं. संध्याकाळी बघायचं तेच, त्याच सोफ्यावर, पण आता नेटफ्लिक्सवर, यूट्यूबवर, अ‍ॅमेझॉनवर. नील्सन ही कंपनी टीव्हीच्या पडद्यावर लोक काय बघतात ते मोजते. तिच्या मोजणीत मे २०२५ मध्ये स्ट्रीमिंगचा वाटा ४४.८ टक्के निघाला. केबल आणि अँटेनावरच्या वाहिन्या एकत्र केल्या तरी ४४.२ भरले. एका महिन्याचा आकडा आहे, पण पारडं कुठं झुकलं ते सांगायला पुरे. शिवाय २०१९ मध्ये आयोगानं कंपन्यांना एक मुभा दिली, की शाळेला फुकट दिलेली जोडणी वगैरे वस्तुरूपातल्या गोष्टींची किंमत त्या ५ टक्क्यांतून वळती करून घ्या. पुढे अपील न्यायालयानं त्या किमतीला थोडा लगाम घातला, इतकंच.

आपल्याकडच्या माणसाला हे जकातीच्या भाषेत चटकन कळेल. शहराच्या वेशीवर नाका असायचा, ट्रक थांबायचा, पावती फाटायची, आणि त्या पैशावर शहराचे दिवे जळायचे. मुंबईत १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तोवर हे चाललं. जकात चांगली होती असं मी म्हणत नाही. नाक्यावर काय काय चालायचं ते ट्रकवाल्यांना विचारा. पण मालाची वाटच बदलली आणि नव्या वाटेवर नाका नाही, तर शहरानं काय करावं? अमेरिकेतल्या गावांपुढे आज तोच प्रश्न आहे.

काही शहरांनी न्यायालय गाठलं. त्यांचा दावा असा, की नेटफ्लिक्स आणि हुलू आमच्या रस्त्याखालच्या तारांतूनच घराघरात येतात, तेव्हा जुन्या कायद्यानुसार त्यांनीही फी द्यावी. ओहायोतल्या मेपल हाइट्स या शहराचा दावा २०२२ च्या नोव्हेंबरात त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं फेटाळला. टेनेसीत नॉक्सव्हिल शहराचंही त्याच महिन्यात तेच झालं. इतर राज्यांतही बहुतेक हाच सूर लागला. न्यायालयांचा मुद्दा साधा होता. कायदा तार टाकणाऱ्याला लागू होतो, आणि यांनी कुठं तार टाकली आहे?

इथं मला माझ्याच बाजूच्या वकिलांशी भांडायचं आहे. न्यायालयांचं म्हणणं मला पटतं. नेटफ्लिक्सनं कुणाच्या दारात खड्डा खणला नाही. खणला तो केबल कंपनीनं, आणि ती आज त्याच खड्ड्यातून इंटरनेट विकून जास्त कमावते आहे. रस्त्याचं भाडं हाच न्याय धरला तर बिल तिच्या नावानं फाडायला हवं. पण त्या दाराला दोन कुलपं आहेत. एक आयोगाच्या वर्गीकरणाचं. दुसरं केंद्रीय कायद्याचं. इंटरनेटच्या जोडणीवर राज्यांनी आणि शहरांनी कर लावू नये असा कायदा अमेरिकेनं १९९८ मध्ये तात्पुरता केला आणि २०१६ मध्ये कायमचा केला. म्हणून लोक स्ट्रीमिंगच्या दाराशी गेले. ते दार न्यायाचं म्हणून गेले नाहीत, उघडं दिसलं म्हणून गेले. हे मान्य करून पुढं गेलं तर आपली बाजू जास्त मजबूत होते, असं मला वाटतं.

मजबूत कशी, ते सांगतो. रस्त्याचं भाडं म्हणू नका, बाजाराचा सेस म्हणा. बाजार समितीत व्यापारी सेस भरतो. त्यानं ओटा बांधला म्हणून भरतो का? नाही. बाजार आहे म्हणून त्याचा धंदा आहे, आणि बाजार उभा ठेवायला कुणीतरी झाडलोट करतं, काटा तपासतं, दिवा लावतं, म्हणून भरतो. गावची संध्याकाळ हाही एक बाजार आहे. पूर्वी त्यात गावचा माल आणि बाहेरचा माल शेजारी शेजारी असायचा, कारण केबलवर सिनेमाच्या वाहिनीनंतर बटण दाबलं की गटाराच्या झाकणावाल्या आजीबाई लागायच्या. आता ओट्यावर सगळा बाहेरचाच माल आहे. त्या मालाच्या विक्रीतला थोडा हिस्सा गावच्या ओट्यासाठी ठेवा, ही मागणी तारेवर अवलंबून नाही. म्हणून ती जुन्या कायद्यातून ओढूनताणून काढता येणार नाही, नवा कायदा करूनच मिळवावी लागेल.

मॅसॅच्युसेट्समध्ये नेमकं तेच चाललं आहे. त्या राज्यात ३५१ शहरं आणि गावं आहेत, आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी मी पाहिलं तसं केंद्र आहे. गेली काही वर्षं तिथल्या विधिमंडळात एक विधेयक पुन्हा पुन्हा येत आहे. स्ट्रीमिंग कंपन्यांनी राज्यात मिळवलेल्या उत्पन्नावर ५ टक्के आकारणी करावी, आणि ते पैसे राज्य, नगरपालिका आणि सामुदायिक माध्यम केंद्रं यांच्यात वाटावेत, असं ते सांगतं. विरोधकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. हा ‘नेटफ्लिक्स टॅक्स’ आहे, आणि शेवटी तो ग्राहकाच्या खिशातून जाणार. जाणारच. १५ डॉलरच्या वर्गणीवर पाऊण डॉलर. केबलचे ४ डॉलरही ग्राहकाच्याच खिशातून जात होते. बिलावर वेगळ्या ओळीत छापलेलेही असायचे. ज्यानं केबल सोडली त्याचे चार वाचले, पाऊण गेला. हा हिशेब लपवायची गरज नाही.

शिकागोचं उदाहरण मला जास्त सावध करतं. तिथं २०१५ पासून करमणूक कर स्ट्रीमिंगलाही लागू झाला, तेव्हा ९ टक्के. न्यायालयात टिकलाही. म्हणजे वसूल करता येत नाही, ही ओरड खोटी. पण ते पैसे गेले शहराच्या तिजोरीत, कॅमेऱ्याकडे नाही. ती मघाची भोकाची जागा हीच. वसुली सोपी असते हो, वाट ठरवणं कठीण असतं.

कॅनडानं वाट आधी ठरवायचा प्रयत्न केला. तिथं २०२३ मध्ये ऑनलाइन स्ट्रीमिंग कायदा झाला. जून २०२४ मध्ये तिथल्या नियामकानं सांगितलं, की ज्या ऑनलाइन सेवा कुठल्याही कॅनडियन प्रसारण कंपनीच्या नाहीत आणि कॅनडात वर्षाला अडीच कोटी डॉलर किंवा जास्त मिळवतात, त्यांनी ५ टक्के द्यावेत. त्यातून वर्षाला सुमारे २० कोटी डॉलर जमतील असा अंदाज होता. मला त्यातली वाटणी वाचायला आवडली. चित्रसेवांच्या पाचांतले दीड टक्के स्वतंत्र स्थानिक बातम्यांच्या निधीला, काही आदिवासी समाजांच्या चित्रनिर्मितीला. संगीतसेवांच्या पाचांतला अर्धा टक्का देशभरातल्या सामुदायिक रेडिओंच्या निधीला. म्हणजे टोरांटोत कुणी स्पॉटिफायवर अरिजितचं गाणं ऐकलं, तर त्याच्या वर्गणीतला एक कण कुठल्याशा खेड्यातल्या रेडिओच्या विजेच्या बिलात जाणार. कागदावर तरी. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०२४ संपता संपता अपील न्यायालयानं रक्कम भरण्याला स्थगिती दिली. वर अमेरिकेचा व्यापारी दबाव. जून २०२५ च्या शेवटी कॅनडानं आपला डिजिटल सेवा कर मागे घेतला, तो याच दबावाखाली. तो कर वेगळा आणि ही आकारणी वेगळी, पण वारं कुठून वाहतंय ते कळतं.

कुणी म्हणेल, इतका उपद्व्याप कशाला, सरकारनं अंदाजपत्रकातून पैसे द्यावेत. अमेरिकेत २०२५ च्या जुलैत संसदेनं सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले ११० कोटी डॉलर परत काढून घेतले, आणि ते पैसे वाटणाऱ्या महामंडळानं महिन्याभरात गाशा गुंडाळायला घेतला. त्या पैशांवर खेड्यापाड्यातली कितीतरी रेडिओ केंद्रं चालत होती. अंदाजपत्रकातला पैसा म्हणजे दरवर्षी नव्यानं हात पसरणं. ज्याच्यापुढे हात पसरायचा त्याच्याच सभेवर कॅमेरा रोखायचा, हे कुणालाही जड जातं. फीचा पैसा निरुपद्रवी असतो असं नाही, पण तो लोकांच्या बिलातून हिशेबानं येतो, कुणाच्या मर्जीतून येत नाही. गुरुजींचा पगार जिल्हा परिषदेचा होता, ग्रामपंचायतीचा नव्हता. अवतरणचिन्हं त्यामुळे टिकली.

आता घरी येतो. आपल्याकडे केबलवाला होता, रस्त्यावरून आणि झाडांवरून तारा ओढून घेणारा. सरकार त्याच्याकडून दर जोडणीमागे करमणूक कर घ्यायचं, आणि तो पाचशे जोडण्या चालवून शंभर दाखवायचा. पण तारेवर एक वाहिनी गावाला ठेव, असं त्याला कुणी म्हटलं नाही. तोच आपल्या मर्जीनं गणपतीची मिरवणूक दाखवायचा आणि मध्ये मध्ये साड्यांच्या सेलची पट्टी फिरवायचा. सौदा करायची वेळ आपण तेव्हाच दवडली.

हवेच्या बाबतीत मात्र आपल्याकडे मोठी गोष्ट घडली, आणि तिच्यात मराठी हात आहे. १९९३ मध्ये हीरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगालच्या क्रिकेट संघटनेत जुंपली. अंतिम सामन्यात कुंबळेनं १२ धावांत ६ बळी घेतले होते, तीच ती स्पर्धा. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालानं सांगितलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांचीही नको. सावंतसाहेब निवृत्तीनंतर पुण्यात राहत. त्या निकालाच्या जोरावर पुढे सामुदायिक रेडिओची मागणी उभी राहिली. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून चालणारी ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही त्या निकालाची नात म्हणायला हरकत नाही.

म्हणजे लहरी मिळाल्या. पैसे? सामुदायिक रेडिओनं जाहिराती घ्याव्यात, असं धोरण सांगतं. सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ रुपये होता, २०२४ मध्ये तो ७४ झाला, आणि तासाला सातऐवजी बारा मिनिटं जाहिरातींची मुभा मिळाली. बारा मिनिटं म्हणजे दहा-दहा सेकंदांचे ७२ तुकडे. सगळे भरले तर तासाला ५,३२८ रुपये. दुष्काळी तालुक्यात ते सगळे कोण भरणार? शिवाय या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्याच काय त्या लावता येतात. गुरुजींच्या फळ्याला जे जमायचं, ते सगळं रेडिओच्या नव्वद पूर्णांक चार मेगाहर्ट्झला जमत नाही.

दुसरीकडे ओटीटीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यातला वाटा केंद्राला आणि राज्याला. ज्या गावात बसून आपण मालिका बघतो त्या गावाच्या नावावर त्यातलं काही नाही. कर्नाटकानं २०२४ मध्ये सिनेमाची तिकिटं आणि ओटीटीची वर्गणी यांवर २ टक्क्यांपर्यंत उपकराचा कायदा केला, तो सिनेमा आणि सांस्कृतिक क्षेत्रातल्या कामगार-कलावंतांच्या कल्याणासाठी. हेतू चांगला आहे, पण गावची सभा त्यात बसत नाही. आणि एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली आहे. जीएसटीच्या घटनादुरुस्तीनं राज्यांचा करमणूक कर गिळला, पण सगळा नाही. राज्यसूचीतल्या ६२व्या नोंदीत पंचायती आणि नगरपालिका यांनी लावायच्या आणि गोळा करायच्या करमणूक कराला जागा ठेवली आहे. ती जागा सिनेमागृहापाशी संपते की मोबाइलच्या पडद्यापर्यंत जाते, यावर उद्या वकील आपले कोट झिजवतील. आज ती कागदावर आहे.

त्याहून जवळचा रस्ताही आहे. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलातले ५ टक्के खेड्यापाड्यांतल्या सेवेसाठी एका निधीत भरतात. पूर्वी तो सार्वत्रिक सेवा निधी होता, २०२३ च्या कायद्यानंतर त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. आकडाही योगायोगानं पाचच. त्यातून दुर्गम भागांत टॉवर उभे राहतात, तारा जातात. टॉवर गावात येतो तो बाहेरचं आत आणण्यासाठी. गावातलं बाहेर सांगण्यासाठी आणि गावातलं गावालाच सांगण्यासाठी त्याच निधीतला लहानसा हिस्सा मागणं हा फार मोठा हट्ट नव्हे.

पण निधी म्हटलं की मला बांधकाम कामगारांचा उपकर आठवतो. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का, कामगारांच्या कल्याणासाठी. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हिशेब आला तेव्हा ३७ हजार कोटींहून जास्त जमले होते आणि साडेनऊ हजार कोटींच्या आसपास खर्च झाले होते. उरलेले पडून. म्हणून म्हणतो, टक्का किती यावर भांडण्याआधी पैसा कुणाच्या हातून कुठं जाणार ते लिहून घ्या. मॅसॅच्युसेट्समधल्या त्या तळघराला राजधानीतून मंजुरी आणावी लागत नव्हती. गावातलाच करार, गावातलंच मंडळ, वर्षाचा हिशेब गावापुढे. मला त्यातली ही एवढी गोष्ट उचलून आणावीशी वाटते. बाकीचं त्यांचं त्यांच्यापाशी.

वेळ संपत आली आहे, अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. सकाळी मी चावडीवर जाऊन आलो. फळ्याची भिंत अजून उभी आहे. तिच्यावर सध्या एका ओटीटीच्या नव्या मालिकेचं पोस्टर आहे, चांगलं दहा फुटी. ग्रामपंचायतीला त्याचं काही भाडं मिळतं का, असं मी ग्रामसेवकांना विचारलं. ते म्हणाले, रजिस्टर बघून सांगतो.